रिसीव्हरचा वेग बघायचा तर समोरच्याचे पाय बघा

माझा भाचा नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि तिथल्या फुटबॉलच्या नादी लागला. दर आठवड्याला फोनवर एकच प्रश्न: "आत्या, आमचे रिसीव्हर यंदा चालतील का गं?" मी सांगलीत बावीस वर्षं मुलींना खो-खो शिकवते. त्याला वाटलं, पळणाऱ्यांचं आत्याला कळतं. म्हणून मी बघायला लागले. तिकडचा रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे ५.५० ला लागतो. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की ६.५० ला. मैदानावर जायच्या आधी पहिला भाग तरी बघून होतो. चार हंगाम वही घेऊन बसले, त्यातून जे हाती लागलं ते लिहिते.

खेळ माहीत नसेल तर एवढं पुरे: दोन्हीकडे ११-११ खेळाडू. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो. त्याला अडवायला समोर कॉर्नरबॅक असतो, आणि त्याच्याही मागे सेफ्टी. बहुतेक वेळा तीन रिसीव्हर एकदम मैदानात असतात.

आता वेग. वेगाचं नाव काढलं की सगळे ४० यार्डांची वेळ सांगतात. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. आपलं खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, म्हणजे त्याच्याही बाहेर दहा पावलं. दरवर्षी इंडियानापोलिसला नव्या पोरांची ही चाचणी होते. २०२४ साली झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांत हे अंतर कापलं आणि २०१७ चा जॉन रॉसचा ४.२२ चा विक्रम मोडला. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्या वर्षी संघांनी नवे खेळाडू घेताना त्या रॉसला पहिल्या नऊ खेळाडूंत निवडलं आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच वर्षी कूपर कप नावाचा रिसीव्हर ४.६२ मध्ये पळाला होता, लोक त्याला संथ म्हणाले. २०२१ मध्ये त्याच कपने १४५ झेल, त्या झेलांवर १९४७ यार्डांची मजल आणि १६ टचडाउन (म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणं) केले. तिन्ही बाबतींत तो एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिला होता.

असं का होतं ते घड्याळ हातात धरणाऱ्याला कळतं. या चाचणीत पिस्तुलाचा आवाज नसतो. खेळाडू स्वतःच्या मनाने सुटतो, तो हलला की माणूस हाताने घड्याळ चालू करतो, आणि शेवटी मात्र यंत्राची किरणं वेळ पकडतात. त्यामुळे ही वेळ शंभर मीटरच्या शर्यतीशी लावून बघू नका. कॉलेजच्या मैदानावर सगळंच हाताने मोजलेली वेळ तर आणखी कमी दिसते. मी स्वतः अंगठ्याने मोजलेल्या वेळांवर मुली निवडल्या आहेत, आणि यंत्र लागलेल्या मैदानावर त्याच मुली पाव सेकंदाने मागे पडलेल्या पाहिल्या आहेत. दोन रिसीव्हरांत पाच शतांश सेकंदाचा फरक असेल तर मी तो धरतच नाही.

मी धरते ते पहिले १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर. आणि त्याहून जास्त धरते ते थांबणं. खो-खोत जी मुलगी नुसती सरळ पळते ती सापडते. जी पूर्ण वेगात येऊन दोन पावलांत थांबते, खांद्याने हूल देते आणि उलटीकडे निघते, ती नऊ मिनिटं उभी राहते. रिसीव्हरचं तसंच आहे. त्याची थांबायची पावलं मोजा. वळणाआधी कुणी चार-पाच छोटी पावलं टाकतो, त्याचं डोकं वर येतं, हात सैल पडतात. कॉर्नरबॅकला तेवढ्यात सगळं कळतं. चांगला रिसीव्हर गुडघ्यात बसतो, छाती पायाच्या बोटांवर ठेवतो आणि दुसऱ्या पावलाला वळलेला असतो. हे बघायला त्याचे बूट बघा, चेहरा नको.

पण रिसीव्हरपेक्षाही खरं बोलतो तो समोरचा. चेंडू सुटायच्या आधी चित्र थांबवा आणि कॉर्नरबॅक किती लांब उभा आहे ते बघा. एका यार्डावर येऊन अंगाला भिडायला तयार असेल तर त्याला वेगाची भीती नाही, किंवा मागे सेफ्टीची मदत आहे. सात-आठ यार्ड मागे असेल तर धाक आहे. मग चित्र सोडा. कॉर्नरबॅक उलट्या पावलांनी मागे सरकतो, आणि एका क्षणी त्याला कंबर वळवून पाठमोरं पळावं लागतं. तो क्षण कधी येतो? पाचव्या यार्डालाच कंबर वळली तर समोरचा रिसीव्हर खरा वेगवान आहे, मग त्याची चाचणीतली वेळ काहीही असो. बाराव्या यार्डापर्यंत तो निवांत मागे सरकत राहिला तर त्या रिसीव्हरच्या वेगाला कुणी मानत नाही असं समजा. सेफ्टीचंही तसंच. एखाद्याच्या बाजूला सेफ्टी दर वेळी जास्त खोल उभा राहत असेल तर त्या रिसीव्हरने चेंडूला हात न लावताही मधली जागा मोकळी केली. हे काम धावफलकावर येत नाही.

टीव्हीवर हे अर्धंच दिसतं, कॅमेरा चेंडूमागे जातो. बावीसही खेळाडू दिसतील असं उंचावरचं चित्रीकरण मिळालं तर तेच घ्या. नाही तर रिप्लेवर भागवा. एका वेळी एकच रिसीव्हर धरा आणि एक पूर्ण चढाई त्याच्यावरून नजर हटवू नका. पहिल्यांदा जड जातं.

आणखी एक चाचणी मला आवडते, पाच-पाच यार्डांवर तीन शंकू काटकोनात मांडून वळत पळायची. कपची वेळ ६.७५. डीके मेटकाफ या दुसऱ्या रिसीव्हरची ७.३८, ही फारच मंद. पण मेटकाफ सरळ रेषेत ४.३३ ने पळणारा सव्वासहा फुटांवरचा गडी. २०२० मध्ये तो सिॲटलकडून खेळत असताना समोरच्या संघाचा बुडा बेकर सिॲटलचा पास मधेच पकडून एकटाच सुटला, तेव्हा मेटकाफने मागून मैदानभर पाठलाग करून त्याला गोलरेषेआधी पाडलं. त्याला कडेला ठेवा, सरळ सोडा, तो सोनं आहे. मधल्या गर्दीत झटपट वळायला लावलं तर चूक ठेवणाऱ्याची. म्हणून वेग कुठे वापरला जातोय ते विचारल्याशिवाय कुणाला वेगवान किंवा संथ म्हणू नका.

सरासरीलाही भुलू नका. चार झेलांत ८० यार्ड म्हणजे झेलामागे २०, छान वाटतं. त्यातला एक ६२ चा आणि उरलेले सहा-सहाचे असतील तर तो खोलवर जाणारा खेळाडू नव्हे, एकदा कुणीतरी घसरलं एवढंच.

दुसरा भाग खोलीचा, म्हणजे पहिल्या दोघांच्या मागे कोण आहे. इथे मी जास्त कडक आहे, आणि त्याला कारण आहे. खो-खोत बचावाला तीन-तीन जणींची तुकडी उतरते. एका विभागीय स्पर्धेत माझी पहिली तुकडी तयार होती, दुसरी बरी होती. सामन्याआधी सराव करताना पहिल्या तुकडीतल्या मुलीचा घोटा मुरगळला. तिच्या जागी मी दुसरीतली घेतली, आणि दुसरीत कागदावरची दहावी मुलगी. ती पळायला कमी नव्हती, पण त्या दोघींबरोबर एकदाही सरावाला उभी राहिली नव्हती. साखळी करताना दोघी एकमेकींना आडव्या आल्या. ती तुकडी मिनिटभरात संपली. मुलगी रडली, आणि तिची काहीच चूक नव्हती. एकीच्या दुखापतीत माझ्या दोन तुकड्या मोडल्या होत्या.

म्हणून रिसीव्हरांची यादी बघताना मी पहिलं नाव खोडते आणि विचारते, आता कोण कुठे सरकेल? मधे खेळणारा कडेला उभा राहू शकतो का? तो गेला तर मधे कोण? एका दुखापतीने तीन जागा हलत असतील तर संघ दिसतो त्यापेक्षा उथळ आहे. संघात ५३ खेळाडू, त्यात रिसीव्हर साधारण पाच-सहा. चौथा-पाचवा किती वेळा प्रत्यक्ष मैदानात उतरला ते बघा, झेल किती घेतले ते नंतर. तो सहसा किकच्या वेळी पळण्यासाठीही लागतो, त्यामुळे नुसता वेगवान पण कुणाला अडवू न शकणारा गडी सामन्याच्या दिवशी बाहेर बसतो.

२०२३ चा लॉस एंजेलिस रॅम्सचा पहिला सामना बघा. कप मांडीच्या दुखापतीने बाहेर, सगळ्यांनी रॅम्सवर पाणी सोडलेलं. सिॲटलच्या मैदानावर पुका नाकुआ नावाच्या नवख्याने, पाचव्या फेरीत १७७ व्या क्रमांकावर निवडलेल्या पोराने, १० झेलांत ११९ यार्ड काढले. छोटा, हलका टूटू ॲटवेल, त्यानेही ११९. रॅम्स ३०-१३ ने जिंकले. नाकुआने त्या हंगामात १०५ झेल आणि १४८६ यार्ड केले, नवख्यासाठी तेव्हा दोन्ही विक्रम होते. मी तो सामना तीनदा पाहिला. नाकुआ कपच्या नुसत्या जागेवर उभा राहिला नव्हता, कपची कामंही करत होता: आत सरकणं, पळणाऱ्यासाठी अडवणं, गर्दीत झेल. ही तयारी सामन्याच्या दिवशी होत नाही.

भाच्याला मी आता एवढंच सांगते: वहीत प्रत्येक रिसीव्हरला एक ओळ दे. समोरचा किती यार्डांवर उभा राहिला, त्याची कंबर कितव्या यार्डाला वळली, थांबायला किती पावलं लागली, आणि कुठकुठल्या जागी उभा राहिला. चार सामने झाले की मला फोन कर, आणि आधी चौथ्या रिसीव्हरची ओळ वाचून दाखव.