नॉनस्टिक तवा: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

कोटिंगचा पापुद्रा धिरड्याबरोबर पोटात गेला तर? नॉनस्टिकबद्दल सगळ्यात जास्त धास्ती याचीच, आणि तिला फारसा अर्थ नाही. हे कोटिंग म्हणजे पीटीएफई. टेफ्लॉन या नावाने आपण ओळखतो ते. गिळलेला कण शरीरात कशाशी संयोग पावत नाही, पचत नाही, तसाच बाहेर पडतो. घाबरायचं ते रिकाम्या तव्याखालच्या मोठ्या आचेला.

साधारण 260 अंश सेल्सिअसपर्यंत कोटिंग शाबूत राहतं. पुढे ते खराब व्हायला लागतं आणि 350 च्या वर त्याचं विघटन होऊन विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण सुटतात. ते श्वासात गेले तर काही तासांनी थंडी वाजून ताप, खोकला, अंगदुखी. लक्षणं फ्लूचीच, त्यामुळे तव्यावर कुणाचा संशयही जात नाही. माणूस बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो, पिंजऱ्यातला पोपट मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. घरात पक्षी असेल तर पिंजरा स्वयंपाकघरात नको, त्याला लागून असलेल्या गॅलरीतही नको.

पातळ बुडाचा रिकामा तवा मोठ्या बर्नरवर अवघ्या काही मिनिटांत 260 ओलांडतो. फोन आला, दाराची बेल वाजली, तेवढा वेळ पुरतो. म्हणून तवा आधी कोरडा तापवायची सवय नॉनस्टिकपुरती सोडा. थंड तव्यावरच अर्धा चमचा तेल पसरा, मग मध्यम आचेवर ठेवा. ज्योत बुडाच्या बाहेर डोकावता कामा नये. तेल पातळ होऊन चमकू लागलं की पीठ घाला.

तेल हाच इथला तापमापक. घाण्याचं शेंगदाणा तेल 160 अंशांच्या आसपास धुरायला लागतं, रिफाइंड 230 च्या सुमारास. म्हणजे कोटिंग बिघडायच्या आधीच तेल इशारा देतं. धूर दिसला की आच बारीक करा. कोरडा तवा असा काहीच इशारा देत नाही, खरी गोम तिथेच आहे. इंडक्शनवर तर जास्त सांभाळा: बूड झपाट्याने तापतं, तेव्हा कमी पॉवरवर सुरुवात करा.

तवा चुकून धुरलाच तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, लहान मुलांना आणि पक्ष्याला बाहेर न्या. त्यावर पाणी ओतू नका. बूड वाकतं आणि पुढे तवा शेगडीवर डुगडुगत राहतो. आपोआप गार होऊ द्या. कोटिंगचा रंग बदलला असेल तर तवा टाकून द्या.

नाशिककडच्या काळ्या रश्श्याचं कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजावं लागतं. ठेच्याच्या मिरच्या, शेंगदाणे, पापड, बाजरीची भाकरी यांनाही कोरडी, कडक आच लागते. ही सगळी कामं लोखंडी किंवा बिडाच्या तव्याची. नॉनस्टिक ठेवा धिरडी, घावन, आंबोळ्या आणि ऑम्लेटपुरता.

भांडी बाजारात नवा घेताना डब्यावरच्या ‘पीएफओए फ्री’वर सगळा भरवसा टाकू नका. पीएफओए हे कोटिंग बनवताना वापरलं जाणारं रसायन. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी 2015 अखेरपर्यंत त्याचा वापर थांबवला होता. शिक्का असलेला तवा घेतलेला बराच, पण जास्त आचेचा धोका त्याने टळत नाही. त्यापेक्षा तवा हातात तोलून बघा: बूड 3 मिलिमीटर किंवा जाड, सपाट, न डगमगणारं. पातळ तव्याचा मधला भागच तापतो आणि कोटिंग आधी तिथेच जातं. सिरॅमिक कोटिंगमध्ये पीटीएफई नसतं, पण त्याची चिकटू न देण्याची ताकद लवकर संपते.

उलथणं लाकडी किंवा सिलिकॉनचं. घासायला मऊ स्पंज. तारेची घासणी, काथ्या, राख काही नको. भांडी घासायला मावशी येत असतील तर हा तवा सिंकमध्ये ठेवूच नका, गार झाल्यावर स्वतः विसळून टाका. कितीही सांगितलं तरी हात सवयीने तारेच्या घासणीकडेच जातो. रचून ठेवताना मध्ये जुनं सुती फडकं घाला.

पदार्थ चिकटायला लागला म्हणजे कोटिंग गेलंच असं नाही. बऱ्याचदा जळक्या तेलाचा तपकिरी थर बसलेला असतो. एक मोठा चमचा खायचा सोडा पाण्यात कालवून लेप द्या, वीस मिनिटांनी स्पंजने पुसा. तरीही चिकटत असेल, पापुद्रे सुटत असतील किंवा खालचं ॲल्युमिनियम दिसत असेल, तर तवा बदला. उघड्या ॲल्युमिनियमवर टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक शिजवलं की धातू अन्नात उतरतो. त्याच तव्यावर पुन्हा कोटिंग करून घेऊ नका: कोणतं रसायन, कोणत्या तापमानाला भाजलं, हे कळायला मार्ग नाही.

बदली म्हणून बिडाचा तवा घेतला तर आधी धुवा, आचेवर पूर्ण सुकवा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, धूर येईपर्यंत तापवा, गार करा. असं तीन-चारदा. नंतर प्रत्येक धिरड्याआधी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. पहिली एक-दोन धिरडी तरीही फाटतात.