एकात्मिक पीएच.डी.ची मुलाखत: फळ्यापाशी होणाऱ्या या चुका टाळा

बी.एस्सी. भौतिकशास्त्राचे जे विद्यार्थी जॅम किंवा जेस्टसारखी लेखी प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेपर्यंत किंवा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत पोहोचतात, त्यांच्यापुढे एकात्मिक पीएच.डी.साठी, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र असलेल्या अभ्यासक्रमासाठी, मुलाखतीचा टप्पा असतो आणि नेमकी तिथेच अभ्यासू मुले अडखळतात, हे मी शिकवताना वारंवार पाहत आले आहे. त्यांचा अभ्यास कमी नसतो. फळ्यापाशी उभे राहून, बोलत बोलत विचार करण्याची सवय मात्र नसते.

पहिली चूक आवडता विषय सांगताना होते. क्वांटम मेकॅनिक्सचे नाव वजनदार वाटते म्हणून ते घेतले जाते, पेटीतील कणाच्या (दोन भिंतींमध्ये अडकलेल्या कणाच्या) ऊर्जेचे सूत्रही बिनचूक लिहिले जाते, पण पेटीची रुंदी दुप्पट केली तर काय होईल असे विचारताच विद्यार्थी समीकरण पहिल्यापासून सोडवायला घेतो. ऊर्जा रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे ती एक चतुर्थांश होईल, हे सूत्राकडे पाहूनच सांगता यायला हवे. जो विषय तळापासून पक्का आहे तोच सांगावा, मग तो साधा लंबक का असेना.

लंबकाला मी मुद्दाम साधा म्हटले, कारण मुलाखतीत त्याला कमी लेखणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, सुमारे दोन सेकंद असतो, हे प्रयोगवहीत प्रत्येकाने लिहिलेले असते. पण वीस आंदोलने का मोजली, याचे उत्तर "तसे सांगितले होते" असे येते. स्टॉपवॉच दाबताना हाताला 0.2 सेकंदाचा फरक पडतो असे धरले, तर एकाच आंदोलनात ती 10 टक्के चूक ठरते आणि वीस आंदोलनांत अर्ध्या टक्क्यावर येते. पुढे g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढताना आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून तिथे हीच चूक दुप्पट, म्हणजे एक टक्का होते. आता लंबक 30 अंशांवरून सोडला तर? लघुकोनाचे गृहीतक (लंबक अगदी लहान कोनातच झुलतो, हे सूत्रामागचे गृहीतक) तुटते आणि आवर्तकाल जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. एवढे चार प्रश्न एकामागोमाग विचारले गेले, की सूत्र कोणाला समजले आहे आणि कोणाला केवळ आठवते आहे, हे पॅनेलला स्पष्ट दिसते.

उत्तर येत नसले की गप्प बसणे हीसुद्धा तितकीच घातक सवय आहे, कारण तुम्ही कुठे अडला आहात हे कळल्याशिवाय समोरच्याला इशारा देता येत नाही. आधी आकृती काढावी, समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या मिती (लांबी, वस्तुमान, वेळ) जुळतात का ते पाहावे, कोन शून्य केला किंवा वस्तुमान फार मोठे घेतले तर उत्तर पटण्याजोगे येते का ते बोलून तपासावे आणि इशारा मिळाला की तो धरून पुढे जावे. आपल्याच हट्टाला चिकटून राहणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाबरोबर पाच-सहा वर्षे काम कसे जमेल, अशी शंका पॅनेलला आली तर ती गैर म्हणता येत नाही.

प्रकल्पाविषयी थोडक्यात सांगते: जो आलेख अहवालात आहे, त्याचे दोन्ही अक्ष, एकके आणि चूक-पट्ट्या (मोजमापातील संभाव्य चूक दाखवणाऱ्या रेघा) स्वतःला समजावून सांगता येत नसतील, तर तो प्रकल्प मोठ्या आवाजात मिरवू नये.

इंग्रजीच्या धास्तीने काही मुले पाठ केलेली लांबलचक वाक्ये बोलतात आणि मध्येच एखादा शब्द निसटला की सगळेच विसरतात. छोटी, साधी वाक्ये पुरतात. त्यासाठी मुलाखतीआधी पंधरा दिवस रोज वर्गमित्राला समोर बसवावे, हातात खडू घ्यावा आणि प्रत्येक ओळीनंतर त्याला "का?" एवढेच विचारायला सांगावे, मुलाखत ऑनलाइन असेल, तर हाच सराव कागद कॅमेऱ्यासमोर धरून करावा.