धनुष्कोडीची बुडालेली गाडी: अपघाताची जागा कशी शोधावी

रामेश्वरला जाणारे बहुतेक यात्रेकरू पांबन पुलावरून खाली बघत ‘गाडी इथेच पडली’ म्हणतात. ते चूक आहे. 1964 च्या चक्रीवादळात पुलाचे गाळे वाहून गेले हे खरं, पण 653 क्रमांकाची पॅसेंजर पुलावर नव्हतीच: ती पुलापलीकडच्या, रामेश्वर बेटावरच्या पांबन स्टेशनहून सुटून बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडी गावाच्या तोंडाशी पोचली होती. शोध तिथूनच सुरू करायचा.

आधी तारीख पक्की करा. गाडी 22 डिसेंबरला रात्री 11.55 ला पांबनहून सुटली, म्हणजे घात झाला तो 23 तारखेला. संपर्क तुटल्यामुळे बातमी उशिरा बाहेर आली, तेव्हा जुनी वर्तमानपत्रं 24 पासून पुढे चाळा.

मग मार्ग. आजची गाडी रामेश्वरला संपते, म्हणून जुना रूळही रामेश्वरवरूनच पुढे गेला असेल असं वाटतं. तसं नव्हतं. पांबन जंक्शनला फाटा होता: एक लाइन रामेश्वरला, सुमारे 10 किलोमीटर, दुसरी थेट धनुष्कोडीला, सुमारे 24.

ही जुनी लाइन शोधायला 1950 च्या दशकातले अमेरिकन लष्कराचे 1:2,50,000 चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या भागाचा नकाशा उतरवून गूगल अर्थ प्रोमध्ये ‘इमेज ओव्हरले’ म्हणून, म्हणजे उपग्रहचित्रावर पसरलेला थर म्हणून, टाका आणि पारदर्शकता निम्मी ठेवा. जुळवताना पांबन पूल आणि रामेश्वरचं देऊळ धरा. किनारा मात्र कधीच धरू नका. ही वाळूची जीभ आहे, ती सरकते, आणि बहुतेकांचा नकाशा इथेच फसतो. या प्रमाणात कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 250 मीटर, त्यामुळे मिळेल तो पट्टा, बिंदू नव्हे.

आता प्रत्यक्ष जागा. रामेश्वरहून मुकुंदरायर चत्रम ही वस्ती ओलांडून अरिचलमुनैच्या, म्हणजे बेटाच्या शेवटच्या टोकाच्या, रस्त्याला लागा. जुन्या गावात चर्च, पाण्याची टाकी आणि स्टेशनचे अवशेष उभे आहेत. स्टेशनकडे पाठ करून पांबनच्या दिशेने, वायव्येला निघा. गाडी स्टेशनच्या काहीशे मीटर अलीकडे बुडाली, म्हणून पहिला किलोमीटर नीट बघा.

वाळूत काय शोधायचं? खडी. या बेटावर वाळू आणि प्रवाळ, त्यामुळे धारदार कोपऱ्यांचा जड काळा-करडा दगड दिसला तर तो बाहेरून आणलेला, रुळाखालचा असण्याची शक्यता मोठी. प्रवाळाचा तुकडा हातात घेतला की हलका लागतो, जाळीदार असतो. इथली घरंही त्याचीच, म्हणून गावाच्या ढिगाऱ्यात गोंधळ होतो. खडी एका सरळ रेषेत सलग मिळाली तरच ती लाइन समजा. रूळ दिसलेच तर आतलं अंतर मोजा: मीटरगेज, म्हणजे 1 मीटर.

उकरू नका, काही उचलू नका. गाडीत 110 प्रवासी आणि 5 कर्मचारी होते असं सांगतात. बिनतिकीट किती, ते कुणी मोजलेलं नाही. सकाळी लवकर जा, कारण संध्याकाळी पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, आणि ऊन चढल्यावर पांढऱ्या वाळूच्या झळाळीत खडी ओळखू येत नाही.