नेट गेलंय? राउटर बंद-चालू करण्याआधी हे पाहा

नेट गेलं की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. थोडं थांबा. बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये आहे, राउटरमध्ये की कॉम्प्युटरमध्ये, एवढं आधी कळलं तर निम्मी धडपड वाचते.

मोबाइल त्याच वायफायला जोडा, पण मोबाइल डेटा बंद करून. हे विसरलं तर फोन गुपचूप डेटावर चालतो आणि आपण लॅपटॉपला शिव्या देत बसतो. फोनवरही काही उघडत नसेल तर लॅपटॉपचा दोष नाही. फायबर कनेक्शन असेल तर फायबरची वायर लागते त्या डब्यावरचा 'एलओएस' (LOS, सिग्नल तुटल्याचा) दिवा बघा. तो लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नलच घरात पोचत नाहीये. वायर कपाटामागे दबली किंवा मुडपली आहे का ते पाहा. तसं नसेल तर सरळ तक्रार नोंदवा. दिवा लाल नसेल तर आता राउटरचा प्लग काढा, अर्ध्या मिनिटाने लावा आणि दोन-तीन मिनिटं धीर धरा. मागच्या बारीक भोकात टाचणी मात्र घालू नका. ते रिसेट आहे, सगळी सेटिंग पुसली जातात.

फोन चालतोय, फक्त लॅपटॉप अडलाय? एअरप्लेन मोड चुकून सुरू नाही ना, ते बघा. मग वायफायच्या यादीत आपलं नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड नव्याने टाका.

तरीही नाही, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजी अक्षरांत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करा. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर, १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने आपला आपण लावून घेतलाय. 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' (ipconfig /renew) करून नवा पत्ता मिळतो का पाहा. पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल तर 'पिंग ८.८.८.८' (ping 8.8.8.8) करा, म्हणजे गुगलच्या या सर्व्हरला हाक मारून बघा. तिथून उत्तर येतंय पण साइट उघडत नाहीत, म्हणजे बहुधा डीएनएसची, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, गडबड. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) बऱ्याचदा पुरतं, त्याने साठवलेले जुने पत्ते पुसले जातात.

नेट आहे पण रडतखडत चालतंय, तर राउटरची जागा बघा. आमचा कित्येक महिने लोखंडी कपाटाच्या आड होता! वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो, पण मायक्रोवेव्ह सुरू झाला की अडखळतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून वेग तपासा. तो नीट असेल तर राउटर घराच्या मधोमध, उंचावर हलवा.