गोव्यात पहिला पाळीव साप घेताय? मग हे बघून निवडा

पहिली गोष्ट, कुळागरात किंवा पावसात बाथरूममध्ये सापडलेला साप पाळायचा नाही, मग तो बिनविषारी का असेना. धामण, दिवड, अजगर हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, त्यांना घरात ठेवणं गुन्हा आहे. मांडूळ विकायला कोणी आलं तर त्याच्याशी बोलूपण नका. आणि ओळखीचा गोंधळ तर जीवावर बेततो, अजगराचं पिल्लू समजून लोक घोणस उचलतात, बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार. घरात साप दिसला की लांब राहायचं आणि वनखात्याला फोन करायचा, बस.

मग उरतात बाहेरच्या देशातल्या जातीचे, पण पिंजऱ्यात जन्मलेले साप. नवशिक्याने यातले दोनच बघावेत, कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, साधारण 3 ते 5 फूट वाढतो, 15-20 वर्षं जगतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, लांबी तेवढीच पण अंगाने जाड, स्वभावाने शांत, आणि 20-30 वर्षं सहज जगतो. म्हणजे तुमचं लग्न, नोकरी, घर बदलणं सगळं त्याच्यासमोर होणार, घरच्यांना विचारल्याशिवाय आणूच नका.

माझं मत स्पष्ट आहे, पहिला साप कॉर्न स्नेकच घ्या. बॉल पायथन कधीकधी काही कारण नसताना आठवडेच्या आठवडे, अगदी महिनोन्महिने जेवत नाही आणि नवीन माणूस घाबरून त्याला सारखा हात लावत बसतो, त्याने तो अजूनच बिथरतो. कॉर्न स्नेक बहुतेक वेळा समोर ठेवलं की खातो. बॉल पायथन घ्यायचाच असेल तर 'स्पायडर' नावाचा मॉर्फ (म्हणजे रंग-नक्षीचा खास प्रकार) नको, त्याच्यात जन्मजात दोष असतो, डोकं डुगडुगत राहतं, दिसायला कितीही छान असो.

आता कागदपत्रं. बॉल पायथन सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावीच लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी विकणाऱ्याकडून पक्कं बिल आणि साप कुठे जन्मला ते लिहून घ्याच. कागद देताना जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, किंमत कमी असली तरी.

गोव्यात खरा प्रश्न हवेचा आहे. परदेशी व्हिडिओ बघून लोक आधी हीटर घेतात, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उलट साप थंड कसा राहील ते बघावं लागतं. कॉर्न स्नेकला टाकीच्या, म्हणजे साप ठेवायच्या पेटीच्या, एका टोकाला 29-30 अंश आणि दुसऱ्या टोकाला 24-25 च्या आसपास लागतं, म्हणून पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या उन्हाची खोली नको. हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) लावलीत तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच नाही, साप भाजतो. आणि जूनपासून दमट हवा, कॉर्न स्नेकला 40-50 टक्के आर्द्रता बरी पण पावसात आपल्या घरात ती 80 च्या वर असते. टाकीच्या तळाला लाकडाचा भुसा घातलात तर त्याला बुरशी येते, पोटाखालचे खवले कुजायला लागतात, छातीत कफ होतो. साधा वर्तमानपत्राचा कागद घाला, ओला झाला की लगेच बदला, झाकणाला जाळी ठेवा, आणि झाकणाला क्लिप हवीच कारण कॉर्न स्नेक बोटभर फटीतून पण निघून जातो.

बघायला गेलात की घाई करू नका. साप हातात घ्या, त्याने तुमच्या बोटांना हलकेच विळखा घालून धरलं पाहिजे, लुळा पडलेला नको. जीभ सारखी आतबाहेर होते का बघा. डोळे स्वच्छ, मात्र कात टाकायच्या आधी ते निळसर धुरकट होतात तो आजार नव्हे. जुन्या कातेचा तुकडा डोळ्यावर चिकटलेला असेल, नाकाशी बुडबुडे असतील, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल तर नको म्हणा. पांढरा टिश्यू अंगावरून फिरवा, काळे ठिपके आले आणि ते हलले तर त्या सापाला माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत. शेवटी विकणाऱ्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, किंवा नुकतंच खाल्लं असेल तर आधीच्या खाण्याची नोंद दाखवायला सांगा.

खाणं म्हणजे फ्रोझन उंदीर, पूर्ण वितळवून कोमट करून, सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. पिल्लाला 5-7 दिवसांनी एक, मोठ्याला 10-14 दिवसांनी. खाल्ल्यावर 48 तास हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. हे उंदीर तुमच्या फ्रिजरमध्ये मासळीच्या शेजारी राहणार आहेत, वेगळा बंद डबा लागेल, आईला आधी सांगून ठेवा. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला नावाच्या जंतूंची लागण होते, 5 वर्षांखालच्या मुलांच्या हातात तर देऊच नका.

टाकी आठवडाभर आधी लावून तापमान रोज लिहा, साप घ्यायच्या आधीच सरपटणाऱ्या प्राण्यांना तपासणारा व्हेट शोधून ठेवा, असे डॉक्टर कमी असतात. साप आणलात की पहिले पाच-सात दिवस फक्त पाणी आणि लपायला एक डबा द्या, मग पहिला उंदीर, आणि दोनतीनदा नीट खाल्ल्यावरच हातात घ्यायला सुरुवात करा.