तेल, संस्था आणि लघुप्रबंध: घात छेदात आहे

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कॉलेजात एम.ए. करताना ‘तेलसंपन्न देशांतील संस्था आणि आर्थिक वाढ’ हा विषय घेतला असेल, तर डच डिसीज (तेलाच्या पैशामुळे चलन महागतं आणि शेती-कारखाने मागे पडतात, तो सिद्धांत) तुम्हाला येतो असं धरतो. इथं संस्था म्हणजे कोर्ट, करवसुली, संसद. आधी छेद बघा, म्हणजे आकडा कशाने भागलाय ते.

जागतिक बँकेचा ‘ऑइल रेंट्स’ (तेल काढायचा खर्च वजा जाता उरलेली तेलाची कमाई) हा आकडा फुकट मिळतो, म्हणून सगळे तोच उचलतात. तो जीडीपीच्या टक्क्यांत असतो. समजा, दोन देशांना तेलातून माणशी १०० रुपयेच मिळतात. बाकीची कमाई एकाची ९००, दुसऱ्याची १००. टक्के निघतात १० आणि ५०. आलेखात दिसतं, तेल जास्त तिथं गरिबी. अरे, तेल तर दोघांचं सारखंच! दुसऱ्याकडे कोर्ट-कचेरी, करवसुली धड नव्हती, म्हणून शेती-कारखाने वाढले नाहीत आणि छेद लहान राहिला. गरिबीमुळे फुगलेला आकडा तुम्ही गरिबीचं कारण म्हणून मांडता. तोंडी परीक्षेत इथंच पकडतात. त्याऐवजी माणशी उत्पादन किंवा माणशी साठे घ्या. साठे शोधायलाही भरवशाचं सरकार लागतं, ही मर्यादा स्पष्ट लिहा.

संस्था किती चांगल्या हे मोजणारे गुण तेलाआधीचे हवेत. जागतिक बँकेचे सुशासन निर्देशांक, म्हणजे देशादेशाच्या कारभाराला दिलेले गुण, १९९६ पासूनचे. नायजेरियात तेल सापडलं १९५६ मध्ये. म्हणजे त्या गुणांत चाळीस वर्षांचं तेल मुरलेलं आहे. नॉर्वेची राज्यघटना १८१४ ची, तिथल्या समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्राचं तेल १९६९ चं. तेलाचा पैसा साठवणाऱ्या सरकारी निधीचा कायदा १९९० चा, पहिली रक्कम १९९६ ला पडली. तेव्हा ‘निधी काढला म्हणून नॉर्वे सुधारला’ हे गाइडबुकातलं वाक्य खोडा. संसद आधीपासून भक्कम होती, म्हणून निधी कोणी मनमानी उधळला नाही. २००१ मध्ये ठरलेली, निधीतून दरवर्षी खर्च करायची ४ टक्क्यांची पातळी २०१७ मध्ये ३ वर आली, तीही चर्चा होऊन.

‘शंभर देश घे, रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध काढायचं गणित) मार’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका. नॉर्वे, नायजेरिया आणि हिऱ्यांचा बोत्सवाना, तीन देश खोलात करा. एक्सेल पुरतं. इंग्रजी अडखळत असेल तरी चालतं, तक्ते वाचता आले की झालं.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानावर, म्हणजे खाणवाल्यांकडून पैसे घेऊन खाणबाधित भागात खर्च करणाऱ्या जिल्ह्याच्या निधीवर, प्रकरण जोडायचा मोह होईल. जोडा, पण छोटं. १२ जानेवारी २०१५ आधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्यांना १० टक्के रक्कम भरावी लागते. ती कुठल्या कामावर गेली आणि ठरवलं कोणी, एवढंच तपासा. कोर्ट आणि करकायदे चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत एकच असल्यामुळे नायजेरियाशी थेट तुलना इथं लागू पडत नाही.