छोट्या ट्रॅक्टरवर पुढच्या अवजारासाठी हायड्रॉलिक होज टाकण्यापूर्वीची तयारी

मागच्या रिमोट व्हॉल्व्हपासून (अवजाराला तेल देणाऱ्या झडपेपासून) पुढच्या अवजारापर्यंत होजची, म्हणजे दाबाखालचे तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांची, एक जोडी न्यायची, असे हे काम एका वाक्यात सांगता येते; पण जो आधी होज आणतो आणि मग त्याची वाट शोधतो, त्याला बहुधा दुसऱ्यांदा होज बनवून घ्यावे लागतात. म्हणूनच या यादीत होज बनवून घेणे बरेच उशिरा आले आहे. त्याआधीची सगळी कामे कागद, पेन्सिल, मोजपट्टी आणि बागेला पाणी घालण्याचा एखादा जुना पाइप यांवर भागतात.

सर्वप्रथम अवजाराची गरज लिहून काढावी. ग्रॅपलचा (ओंडके-फांद्या पकडणाऱ्या पंज्याचा) जबडा उघडण्या-मिटण्यासाठी किंवा पुढचे पाते डावी-उजवीकडे वळवण्यासाठी डबल अॅक्टिंग, म्हणजे तेलाने दोन्ही दिशांना ढकलला जाणारा, सिलिंडर असतो आणि त्याला दोन होज लागतात. अशी दोन कामे असतील तर चार होज न्यावेत, किंवा दोनच होज नेऊन पुढे विजेच्या बटणावर चालणारा आणि तेल दोहोंपैकी एका कामाकडे वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बसवावा. मात्र मग दोन्ही कामे एकाच वेळी करता येत नाहीत, हे आधीच मान्य करून टाकावे. फिरता ब्रश किंवा अशाच हायड्रॉलिक मोटरवर चालणाऱ्या अवजारात तेल सतत वाहत असते, ते तापते, मोटरच्या रचनेनुसार केस ड्रेनची, म्हणजे मोटरच्या कवचात झिरपलेले तेल टाकीकडे नेणारी, तिसरी लाइनही लागू शकते, आणि छोट्या ट्रॅक्टरचा पंप तेवढे तेल देतो की नाही हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो.

त्यानंतर ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतून दोन आकडे शोधावेत : अवजारासाठी मिळणारा तेलाचा प्रवाह आणि रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे मर्यादेपलीकडचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा, दाब. पुस्तिकेत अनेकदा स्टिअरिंगसह एकूण प्रवाह वेगळा आणि अवजाराच्या वाट्याचा प्रवाह वेगळा दिलेला असतो; आपल्या उपयोगाचा दुसरा. मोकळा रिमोट व्हॉल्व्ह नसेल आणि नवा व्हॉल्व्ह जोडायचा असेल, तर त्याला पॉवर बियाँडची, म्हणजे पूर्ण दाबाचे तेल पुढच्या व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या वेगळ्या पोर्टची, सोय आहे का हे पाहणे अनिवार्य आहे. अशा ट्रॅक्टरांवर सहसा गिअर पंप आणि ओपन सेंटर पद्धत असते, म्हणजे तेल एका व्हॉल्व्हमधून पुढच्या व्हॉल्व्हकडे जाते. नव्या व्हॉल्व्हच्या साध्या टँक पोर्टवरून (टाकीकडे परतणाऱ्या तोंडावरून) पुढची लाइन काढली, तर पुढच्या व्हॉल्व्हवर भार येताच तो पूर्ण दाब नव्या व्हॉल्व्हच्या परतीच्या बाजूला बसतो आणि ती बाजू तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसते.

होजचा आकार प्रवाहावरून ठरतो. मिनिटाला 20 लिटर तेल 3/8 इंची, म्हणजे वर्कशॉपच्या बोलीत तीन सुती होजमधून गेले, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 4.7 मीटर होतो आणि प्रेशर लाइनसाठी तो योग्य आहे. तेच तेल दोन सुती, म्हणजे 1/4 इंची होजमधून ढकलले, तर वेग 10 मीटरच्या वर जातो. तेल तापते आणि सिलिंडर सुस्तावतो. पाते वळवण्यासारख्या थोडक्या कामाला, सिलिंडर लहान असेल आणि संथ चाल खपत असेल, तर दोन सुती होजही चालतो, आणि अरुंद जागेतून तो निमूट जातो हेही खरे. पण ग्रॅपलला मी तीन सुतीच टाकतो.

दाबाच्या बाबतीत एसएई 100 आर 2 प्रकारचा, तारेच्या दोन जाळ्यांचा तीन सुती होज सुमारे 330 बारपर्यंतच्या कामाच्या दाबाचा असतो, तर एका जाळीचा आर 1 सुमारे 180 बारचा. ट्रॅक्टरचा रिलीफ दाब 170 बार असेल तर आर 1 कागदावर पास होतो. पण खडकाला धडकलेल्या पात्याच्या सिलिंडरमध्ये क्षणभर जो दाब उसळतो तो कागदावर नसतो, म्हणून तेथे दोन जाळ्यांचाच होज घ्यावा. होजबरोबरच कपलर (चटकन जोडता-सोडता येणारे सांधे) आणि अॅडॉप्टर (दोन वेगळी टोके जुळवणारे तुकडे) यांचे रेटिंगही तपासावे, कारण साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर कडीएवढीच धरायची असते.

आता वाट, आणि सगळा वेळ खरोखर येथेच द्यावा. जुना पाइप मागच्या व्हॉल्व्हपासून चेसिसच्या कडेने पुढपर्यंत जागोजागी सुतळीने बांधावा आणि मग ट्रॅक्टरच्या प्रत्येक हलत्या भागाला त्याची पूर्ण चाल करायला लावावी. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. पुढच्या एका चाकाखाली ठोकळा देऊन एक्सल पूर्ण कलू द्यावा, कारण सपाट जमिनीवर टायर आणि होज यांच्यात दिसणारी चार बोटांची जागा एक्सल कलल्यावर उरेलच असे नाही. क्लच-ब्रेकचे पेडल आणि त्यांचे दांडे दाबून पाहावेत. पोटाखाली गवत कापण्याचे डेक असेल तर ते वरखाली करावे. सायलेन्सर, फॅन, बेल्ट आणि मधला पीटीओ (अवजाराला इंजिनची ताकद देणारा फिरता दांडा) यांच्या आसपास पाइप फिरकताही कामा नये. साधारण रबरी होज 100 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तेलासाठी असतो, पण सायलेन्सर त्याहून कितीतरी अधिक तापतो. पायदानाखालून जाणारी वाट सोयीची दिसते, तरी चिखल, दगड आणि खुंट यांचा पहिला मार तेथेच बसतो. शक्य असेल तर चेसिसच्या आतल्या बाजूने जावे आणि लांब सरळ भागात होजऐवजी स्टीलची नळी टाकण्याचा विचार करावा.

लांबी मोजताना लोडर (बादली किंवा अवजार उचलणारे पुढचे हात) जमिनीवर टेकवून समाधान मानू नये. माझ्या पहिल्या जोडीत मी नेमके तेच केले होते. होज बनून आले, सुबक बसले, आणि लोडर पहिल्यांदा पूर्ण वर जाऊन बादली उलटी झाली तेव्हा वरच्या होजने अॅडॉप्टर वाकवला. बादली आत ओढलेली आणि उलटी केलेली, लोडर खाली, मध्ये आणि पूर्ण वर, अशा सर्व स्थितींत मोजावे. वर उचललेला लोडर टेकू किंवा लॉक दिल्याशिवाय त्याखाली हात घालू नये. दाब आला की होजची लांबी 2 टक्क्यांपर्यंत वाढू शकते किंवा 4 टक्क्यांपर्यंत घटू शकते, म्हणजे 3 मीटरचा होज 12 सेंटिमीटरपर्यंत आखडू शकतो. तेवढा ढिलेपणा लांबीत धरलेला असावा. वळणाची त्रिज्याही पाहावी : आर 2 च्या तीन सुती होजला सुमारे 13 सेंटिमीटर लागते आणि वळण फिटिंगला चिकटून सुरू होता कामा नये. जेथे तेवढी जागा नाही, तेथे होज ओढूनताणून वळवण्यापेक्षा 45 किंवा 90 अंशांचे फिटिंग घ्यावे.

लोडर काढता-घालता येणारा असेल तर होज कोठे तुटणार, म्हणजे कपलर कोठे येणार, हेही याच वेळी ठरवावे. एक जोडी लोडरच्या खांबाजवळ पक्क्या पट्टीवर आणि दुसरी अवजाराजवळ, अशी मांडणी सोयीची पडते. प्रत्येक जोडीत एका लाइनला मेल आणि दुसरीला फिमेल कपलर दिला की उलटसुलट जोडणे अशक्यच होते. आयएसओ 7241 ए आणि सपाट तोंडाचे आयएसओ 16028 हे कपलर एकमेकांत बसत नाहीत. सपाट तोंडाचा कपलर फडक्याने एका हातात पुसता येतो, म्हणून धुळीच्या कामात मला तोच पसंत आहे.

आट्यांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी (पाइपच्या आट्यांचे ब्रिटिश आणि अमेरिकी प्रकार) या दोन्हींना इंचाला 14 आटे असतात आणि सुरुवातीचे एक-दोन फेरे एकमेकांत फिरतातही. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60, आणि दाब आल्यावर ती जोडणी झिरपणारच. व्हर्नियर आणि थ्रेड गेज लावून प्रत्येक पोर्टचा प्रकार वाटेच्या चित्रावर त्या-त्या जागी लिहावा. जेआयसी नावाच्या जोडणीत 37 अंशांचा धातूचा शंकू सील करतो, त्यामुळे तिच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचे कारण नाही. टेपचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये गेला तर त्यातला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, अडकतो.

एवढे झाल्यावर होज बनवून घ्यावेत, आणि ते घेताना दोन्ही टोकांच्या फिटिंगची दिशा चित्रासकट द्यावी. होज कापताना आत रबर आणि तारेची भुकटी जाते. म्हणून फिटिंग बसवण्याआधी आतून साफ करून मागावेत आणि टोकांना टोप्या लावून आणावेत. त्या टोप्या जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नयेत. सोबत रबर लावलेले क्लॅम्प, घासणाऱ्या जागांसाठी नायलॉनचे वेष्टन, लाइन ओळखण्यासाठी दोन रंगांच्या चिकटपट्ट्या, दोन पाने, फडकी आणि योग्य प्रतीचे तेल जवळ ठेवावे. दोन पाने यासाठी, की एकाने फिटिंग धरून दुसऱ्याने नट आवळला नाही तर होजला पीळ बसतो. होजवरची छापील रेघ सरळ राहिली आहे का, यावरून तो लगेच कळतो.

कोणतीही जुनी लाइन सोडण्यापूर्वी लोडर जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावे आणि सर्व लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब सोडावा. हीच सवय कपलर काढतानाही ठेवावी, कारण अवजाराकडच्या होजमध्ये दाब राहिला किंवा उन्हात तेल फुगले, तर तो कपलर पुन्हा बसता बसत नाही.

पहिल्या चाचणीसाठी इंजिन मंद ठेवून सिलिंडर भाराविना काही वेळा पूर्ण मागेपुढे करावा, म्हणजे हवा निघून जाते. त्यानंतर तेलाची पातळी पाहावी : तीन सुती होजची 3-3 मीटरची जोडी सुमारे 430 मिलिलिटर तेल पोटात घेते, सिलिंडरचे तेल त्याखेरीज. गळती बोटाने कधीही चाचपू नये. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, जखम किरकोळ दिसते आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा जोडणीसमोरून फिरवावा आणि त्यावर डाग उमटतो का ते पाहावे. पहिल्या दिवसाचे काम संपल्यावर दाब सोडून प्रत्येक नट आवळताना त्यावर मार्करने मारलेली रेघ जागेवर आहे का ते तपासावे आणि क्लॅम्पखाली होज कोठे चकाकू लागला असेल, तर तेथे त्याच संध्याकाळी वेष्टन चढवावे.